दोड्डेरीचा विजय आणि सेनापतीचे पद

बंगळूरच्या मराठी माणसाने या शहराशी असलेले आपले नाते सांगावयास आरंभ केला, की तो शहाजीराजांपाशी येऊन थांबतो. १६३८ साली रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या मुलखात आले आणि आदिलशाहीकडून त्यांना बंगळूरची जहागीर मिळाली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. हे शहर हातचे कसे गेले, हे सांगावयाचे मात्र राहून जाते. १६८७ साली व्यंकोजीराजांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजास तीन लाख रुपयांना देण्याचे ठरविले होते. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच मोगल सरदार कासीमखान येऊन धडकला. त्याने शहर घेतले आणि पुढे चिक्कदेवराजाच्याच हवाली केले. याच कासीमखानाची आठ वर्षांनी मराठ्यांच्या सेनापतीशी गाठ पडली. त्या प्रसंगाच्या निमित्ताने सेनापती या पदाचा थोडा विचार करावा, असा आमचा हेतू आहे.

शिवछत्रपतींच्या कारकिर्दीत घोडदळाच्या प्रमुखास सरनोबत म्हणत. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांत त्यास सेनापती हे नाव मिळाले आणि हंबीरराव मोहिते त्या पदावर होते. सभासदाच्या बखरीत या लष्कराची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. जुमलेदारास वर्षास पाचशे होन, हजारीस हजार. प्रत्येक पायरीवर हिशेबाचा कारकून बसविलेला. वेतन रोख, आणि तेही सरकारी खजिन्यातून. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या बखरीतील लढायांच्या वर्णनांपेक्षा ही पगाराची यादी अधिक बोलकी वाटते. शिपाई कोणाचे ऐकेल, हे तिच्यावरून कळते.

म्हणूनच १६६६ साली पन्हाळ्यावर वेळेवर पोहोचला नाही या कारणास्तव नेताजी पालकरासारख्या मातबर सरनोबतास महाराज दूर करू शकले. नेताजी विजापुरास आणि तेथून मोगलांकडे गेला, पण राज्याची फौज जागीच राहिली. प्रतापराव गुजराने बहलोलखानास हाती सापडला असता जाऊ दिले, तेव्हा त्यास महाराजांचे कडक शब्द ऐकावे लागले. ते मनाला लावून घेऊन २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत तो अवघ्या सहा सोबत्यांनिशी शत्रूवर तुटून पडला. त्याच्या या साहसाचे पोवाडे आपण गातो. सेनापती म्हणून फौज मागे ठेवून असे मरणे योग्य होते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. धन्याचा एक शब्द सेनापतीस किती झोंबत असे, एवढे मात्र त्यातून स्पष्ट दिसते.

१६८९ साली संभाजीराजांच्या वधानंतर सर्वच पालटले. राजाराम महाराज वेष पालटून जिंजीस निघाले, ते याच बंगळूरवरून. येथे सेवकांनी पाय धुण्याची अदब दाखविल्यामुळे संशय आला, महाराज पुढे निसटले आणि खंडो बल्लाळ व इतर सोबती पकडले जाऊन त्यांनी मार सोसला, अशी कथा बखरकार सांगतात. राजा दूर जिंजीच्या किल्ल्यात, खजिना रिकामा, आणि महाराष्ट्र मोगलांच्या टाचेखाली. अशा वेळी वेतन कोठून द्यावयाचे? सरदारांनी आपापल्या बळावर फौजा उभाराव्या, मुलूख मारावा आणि त्याची सनद छत्रपतींकडून घ्यावी, असा परिपाठ पडला. राज्य वाचले ते याच मार्गाने. पण शिपायाला पोसणारा हात आता सरदाराचा झाला.

या काळात सेनापती झालेला संताजी घोरपडे हा आमच्या मते मराठ्यांचा सर्वांत थोर सेनानी होय. १६९५ च्या नोव्हेंबरात कर्नाटकातून निघालेल्या संताजीस अडविण्याची आज्ञा औरंगजेबाने शिऱ्याच्या कासीमखानास दिली आणि मदतीस खानाजादखानादी बडे सरदार पाठविले. पाहुण्यांच्या सन्मानार्थ कासीमखानाने अदवानीहून नवे तंबू आणि सोन्याचांदीची व चिनी भांडी मागवून पुढच्या मुक्कामास रवाना केली. संताजीने फौजेचे तीन भाग केले. एकाने तो पुढचा तळ लुटला, दुसऱ्याने धावून येणाऱ्या मोगलांस रोखले, आणि तिसरा मोकळा राहून मागे राहिलेल्या छावणीवर गेला. चित्रदुर्गाचा नायक मराठ्यांस मिळाला होता, त्याच्या बंदूकधारी प्याद्यांनी मोगलांची दाणादाण उडविली. खान मंडळी दोड्डेरीच्या गढीत शिरली. हे गाव चळ्ळकेऱ्याजवळ आहे. बंगळूरहून तुमकूर, शिरे, हिरियूर या वाटेने एका दिवसात जाऊन येता येते.

गढीत अन्न नव्हते. कासीमखानास अफूचे व्यसन होते. अफू न मिळाल्याने तो मेला असे एक मत, विष घेऊन मेला असे दुसरे. उरलेल्यांनी वीस लाख रुपये खंडणी कबूल केली आणि हत्ती, घोडे, सामान सोडून ते अंगावरच्या वस्त्रांनिशी बाहेर पडले. भुकेलेल्या त्या शत्रूंना मराठ्यांनी दाराशी भाकरपाणी दिले, हे मोगलांच्या इतिहासकारांनीच नमूद केले आहे. पुढच्याच जानेवारीत बसवापट्टणजवळ हिंमतखानही मारला गेला.

आणि वर्षाच्या आत हा सेनापती पदभ्रष्ट झाला! संताजीची शिस्त जबर होती. थोड्या अपराधासाठीही तो हत्तीच्या पायी देई असे खाफीखान लिहितो. सरदारांचा तो नावडता होता आणि दरबारात त्याचे बोलणे कडवट असे. १६९६ साली जिंजीजवळ त्याची धनाजी जाधवाशी लढाई झाली. दोन्हीकडे मराठेच! अमृतराव निंबाळकर हाती लागला, त्यास संताजीने ठार केले. खुद्द राजाराम महाराज त्याच्या तावडीत सापडले, त्यांना त्याने दुसऱ्या दिवशी सन्मानाने सोडले. स्वामीवर जय मिळवून पुन्हा स्वामीपुढे नमणारा हा मनुष्य बंडखोर म्हणावा की सेवक? दरबारने आपला निर्णय दिला आणि पद धनाजीस गेले. जून १६९७ मध्ये शंभुमहादेवाच्या डोंगरात अमृतरावाचा मेहुणा नागोजी माने याने त्याचा वध केला. त्याचे मस्तक औरंगजेबापुढे गेले. जे मोगलांच्या एकाही फौजेला साधले नाही, ते आपल्याच वैराने साधले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. शाहू महाराजांनी १७१७ साली खंडेराव दाभाड्यांस सेनापती केले. त्यांचा पुत्र सेनापती त्रिंबकराव १ एप्रिल १७३१ रोजी डभईस पेशवा बाजीरावाशी लढताना पडला. पद दाभाड्यांच्याच घरी तळेगावास राहिले, गुजरातेतील बळ मात्र गायकवाडांकडे गेले. सेनापती हे नाव उरले, फौज उरली नाही.

आपल्या स्वतंत्र देशात १९५५ साली कमांडर-इन-चीफ ही संज्ञा रद्द होऊन लष्करप्रमुख हे नाव आले. बंगळूरच्या दोन रस्त्यांना नावे असलेले जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या यांतील थिमय्यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी न पटल्याने १९५९ साली राजीनामा दिला आणि पंडित नेहरूंच्या शब्दाखातर तो परत घेतला. त्यांना आपल्या जागी हवे होते ते कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात. पूर्व विभागाचे प्रमुख असताना थोरातांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये ईशान्य सीमेवर चीनकडून काय होऊ शकेल, याचे सविस्तर टिपण पाठविले होते. मेनन यांनी ते उडवून लावले. १९६१ च्या मे महिन्यात थिमय्यांची जागा जनरल थापर यांना मिळाली आणि थोरात निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली एवढी मोठी फौज होती, पण एकही शिपाई जागचा हलला नाही, आणि थोरातांच्या मनातही ते आले नसावे. पुढल्याच वर्षी टिपणातील भाकीत नेफात खरे ठरले. तेव्हा नेहरूंनी त्यांना दिल्लीस बोलावून घेतले. तो सर्व वृत्तांत थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.