देवाला भ्यायचं म्हणजे नक्की काय? (गोष्ट मार्टिन ल्यूथरची)

आपल्याकडे एखाद्याला 'पापभीरू' म्हटलं की ते कौतुक असतं. "देवाला भिऊन वाग जरा" हे वाक्य लहानपणी एकदाही कानावर पडलं नाही असा मराठी माणूस विरळाच. पण हे भिणं नक्की कुठल्या जातीचं? कुत्रा मागे लागल्यावरचं, वडील घरात आले की आवाज आपोआप खाली जातो तसलं, की एखाद्या गडाच्या कड्यावरून खाली बघताना पोटात जे होतं ते? मराठीत यासाठी भीती, धाक, वचक, दरारा, भीड असे निरनिराळे शब्द तरी आहेत. बायबलात मात्र बरंचसं काम एकेका शब्दावर भागवलेलं दिसतं. हिब्रूतला 'यिरा' हा शब्द घाबरगुंडीलाही चालतो आणि आदराने मान खाली घालण्यालाही. ग्रीकमधला 'फोबोस' तर आपण 'फोबिया'मुळे ओळखतोच. मराठी बायबलने यासाठी 'भय' हा शब्द घेतला, आणि असं भय असणं हा तिथे सद्गुण आहे.

म्हणजे एकीकडे देवाला बाप म्हणायचं, प्रेमळ म्हणायचं आणि दुसरीकडे त्यालाच भ्यायचं. हे जमवायचं कसं?

पंडितांनी यावर उत्तर काढलेलं होतं, आणि ते चांगलंही होतं. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचा बिशप ऑगस्टिन (३५४-४३०) याने दोन बायकांचा दाखला दिला. दोघीही नवऱ्याला भितात. एकीच्या मनात खोट आहे, तिला भीती वाटते की हा घरी येईल. दुसरीचा जीव त्याच्यावर आहे, तिला भीती वाटते की हा सोडून जाईल. भीती दोघींनाही, पण दिशा बरोब्बर उलटी. पुढे बाराव्या शतकात पीटर लोम्बार्ड आणि तेराव्यात थॉमस अक्वायनस यांनी त्याची रीतसर वर्गवारी केली. गुलामाचं भय वेगळं आणि लेकराचं भय वेगळं. गुलाम चाबकाला भितो, लेकरू बापापासून दुरावण्याला.

थिअरी झकास आहे. पण ज्याला रात्री झोप लागत नाही त्याने काय करायचं? आपण कुठल्या प्रकारचं भितोय हे आतून कसं ओळखायचं? हा प्रश्न एका माणसाने इतका मनाला लावून घेतला की त्याच्यापायी पश्चिम युरोपातल्या चर्चची दोन शकलं झाली. म्हणून आजचा लेख त्याच्यावर.

मार्टिन ल्यूथर जन्मला १० नोव्हेंबर १४८३ रोजी, जर्मनीतल्या आइसलेबेन गावात. बाप हान्स हा तांब्याच्या खाणी आणि भट्ट्यांच्या धंद्यात कष्टाने वर आलेला माणूस. पोराने वकील व्हावं ही त्याची इच्छा (हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना? फक्त वकिलाच्या जागी इंजिनियर घाला). घरातली शिस्त कडक. म्हातारपणी जेवणाच्या टेबलावर ल्यूथर आठवणी सांगायचा आणि पाहुणे त्या लिहून ठेवायचे. त्यातली एक अशी, की एका अक्रोडाएवढ्या चोरीपायी आईने रक्त येईस्तोवर मारलं होतं. दुसरी जास्त बोलकी आहे. एकदा बापाने इतकं बदडलं की मुलगा त्याच्यापासून दूर पळायला लागला, मनात अढी धरून बसला. मग त्याला परत आपलंसं करायला बापालाच बरीच खटपट करावी लागली.

एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली ल्यूथरवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं आणि सगळं खापर बापलेकांच्या नात्यावर फोडलं. इतिहासकारांना ते फारसं पटलं नाही, मलाही पटत नाही. त्या काळात मार सगळ्याच घरांत पडायचा, पण सगळीच पोरं ल्यूथर झाली नाहीत. तरी ती दुसरी आठवण लक्षात असू द्या. पळून जाणारा मुलगा आणि त्याला समजावायला मागे जाणारा बाप.

२ जुलै १५०५. एकवीस वर्षांचा मार्टिन, एम. ए. झालेला, कायद्याचा अभ्यास नुकताच सुरू केलेला, घरून एर्फुर्टच्या विद्यापीठात परत चाललेला. स्टोटर्नहाइम गावाजवळ वादळाने गाठलं आणि अगदी जवळ वीज कोसळली. घाबरून त्याने संत ॲनाचा धावा केला (ही खाणकामगारांची संत, म्हणजे घरातलीच म्हणा ना) आणि नवस बोलला की वाचलो तर संन्यासी होईन. वाचला. दोन आठवड्यांनी, १७ जुलैला तो एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. बाप प्रचंड भडकला.

आता मरणाची एवढी भीती का? तर त्या वेळच्या माणसाच्या डोळ्यांपुढे मरणानंतरचा हिशेब सतत असायचा. चर्चमधल्या चित्रांत ख्रिस्त इंद्रधनुष्यावर बसलेला न्यायाधीश म्हणून दिसायचा, कित्येकदा हाती किंवा मुखापाशी तलवार. या चित्राची आपल्याला किती धास्ती होती हे ल्यूथरने पुढे स्वतःच सांगितलंय. त्याच्या जोडीला 'पर्गेटरी', म्हणजे मेल्यावर पापं जाळून निघायची जागा. तिथला मुक्काम कमी व्हावा म्हणून चर्च पैसे घेऊन माफीपत्रं द्यायचं. १५१७ साली योहान टेट्झेल ती विकत हिंडत होता. त्यातले निम्मे पैसे रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला जायचे आणि निम्मे माइन्झच्या आर्चबिशपने फुगर सावकारांकडून काढलेलं कर्ज फेडायला. भीतीवर चालणारं इतकं पक्कं बिझनेस मॉडेल इतिहासात क्वचितच सापडेल.

मठात गेल्यावर भीती जाईल असं त्याला वाटलं असणार. झालं उलटंच. मे १५०७ मध्ये त्याने पहिला मिस्सा अर्पण केला. बाप वीस घोडेस्वारांनिशी थाटात आला, मठाच्या स्वयंपाकघराला वीस गुल्डन देणगी दिली. आणि इकडे वेदीपाशी उभा असलेला मार्टिन प्रार्थनेत देवाला थेट संबोधायची वेळ आली तसा थरथर कापायला लागला. मी कोण असल्या देवाशी बोलणारा! तिथून पळून जावंसं वाटलं असं त्याने पुढे सांगितलं. नंतर जेवताना त्याने बापाला विचारलं, तुमचा विरोध का होता? बाप सगळ्यांसमोर म्हणाला की आईबापांचा मान राखावा ही देवाचीच आज्ञा आहे ना? आणि ती वीज म्हणजे सैतानाचा खेळ नव्हता कशावरून? हा वार खोल गेला. ज्या भीतीच्या जोरावर सगळं आयुष्य बदललं ती भीती तरी देवाची होती का?

मग सुरू झाले पापाच्या कबुलीचे तास. एका बैठकीत सहा-सहा तास. प्रोग्रॅमरांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर एक बग काढला की तो शोधण्याच्या पद्धतीतच दुसरा बग सापडायचा. पाप कबूल केलं, पण ते पश्चात्तापाने की शिक्षेच्या भीतीने? भीतीने असेल तर ती कबुली खरी का? त्याचा वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ हा समजूतदार गृहस्थ होता. ल्यूथरच्या आठवणीप्रमाणे एकदा वैतागून तो म्हणाला, देव तुझ्यावर रागावलेला नाही बाबा, तूच देवावर रागावला आहेस. आणि हे खरंच होतं. 'देवाची नीतिमत्ता' हे शब्द वाचले की आपल्याला देवाचा द्वेष वाटायचा, असं ल्यूथरने १५४५ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, उघडपणे लिहून ठेवलंय. गुलामाचं भय याहून स्पष्ट कोणी सांगितलं नसेल. चाबकाला भिणारा माणूस शेवटी चाबूकवाल्याचा द्वेषच करतो.

श्टाउपिट्झने त्याला विटेनबर्गच्या नव्या विद्यापीठात बायबल शिकवायला लावलं. तिथे पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या पहिल्या अध्यायावर डोकं आपटता आपटता त्याला उलगडा झाला. नेमका कधी, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, १५१४ पासून १५१९ पर्यंत सगळे अंदाज आहेत. देवाची नीतिमत्ता म्हणजे तो ज्या फूटपट्टीने मोजून शिक्षा करतो ती नव्हे. ती तो माणसाला फुकट देऊ करतो आणि विश्वासाने ती घ्यायची असते. एवढंच. पण त्याच्यासाठी न्यायाधीशाच्या जागी बाप आला.

इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात. भीती गेली, प्रेम आलं, शुभं भवतु. मला खरी गंमत पुढे वाटते, कारण भीती गेलीच नाही.

वर्म्सची संसद, १७ एप्रिल १५२१. समोर एकवीस वर्षांचा सम्राट पाचवा चार्ल्स, टेबलावर ल्यूथरच्या पुस्तकांची चळत. प्रश्न दोनच. ही तुझी का, आणि मागे घेतोस का? ल्यूथर इतक्या हळू आवाजात बोलला की मागच्यांना ऐकूही गेलं नाही, आणि त्याने विचाराला वेळ मागून घेतला. कारण दिलं ते असं, की प्रश्न देवाच्या वचनाचा आहे, घाईत काही बोलणं धोक्याचं. एक दिवस मिळाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खच्चून भरलेल्या दालनात, स्वच्छ आवाजात त्याने नकार दिला. (तो सुप्रसिद्ध 'इथे मी उभा आहे'वाला डायलॉग बहुधा छापताना घुसडलेला आहे.) लोकांना तो दुसरा दिवस आठवतो. मला पहिला महत्त्वाचा वाटतो. सम्राटाला घाबरला असता तर पुस्तकं मागे घेऊन मोकळा झाला असता. तो दुसऱ्याच कोणाला तरी भीत होता, आणि तसं भ्याल्यावर सम्राटाची भीती मावेल एवढी जागा उरली नसावी.

पण हे हत्यार दुधारी आहे. थॉमस म्युन्त्झर हाही धर्मोपदेशक, सुरुवातीला ल्यूथरच्याच बाजूचा. त्याच्या शिकवणीचा तर कणाच हा, की जो शुद्धपणे देवाला भितो त्याने माणसांना भ्यायचं कारण नाही, राजांनाही नाही. १५२५ च्या शेतकरी उठावात तो पुढारी झाला. ल्यूथरने आधी जमीनदारांनाही चांगलंच सुनावलं होतं, पण मे महिन्यात त्याने शेतकऱ्यांना निर्दयपणे ठेचून काढायला सांगणारी पुस्तिका लिहिली. १५ मेला फ्रांकेनहाउझेनला शेतकऱ्यांचा धुव्वा उडाला. त्यांच्या निशाणावर होतं इंद्रधनुष्य. २७ मेला म्युन्त्झरचं डोकं उडवलं. सगळ्या उठावात अंदाजे ७० हजार ते १ लाख माणसं मेली. देवाला भिणारे दोघेही होते. ती पुस्तिका मला आजही माफ करता येत नाही, ल्यूथरच्या चाहत्यांनी कितीही संदर्भ दिले तरी.

चार वर्षांनी, १५२९ मध्ये, त्याने घरातल्या कर्त्या माणसाने मुलांना आणि नोकरांना शिकवावी म्हणून एक छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. तिचे भाग आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांसारखे छापले होते. सॅक्सनीतली खेडी तपासून आल्यावर लोकांना साध्या दहा आज्ञाही येत नाहीत हे बघून तो हबकला होता. त्या पुस्तकात दहाही आज्ञांच्या अर्थात 'भिणं' आणि 'प्रेम करणं' ही क्रियापदं जोडीने येतात. दहाच्या दहा वेळा, आधी भिणं, मग प्रेम. एकाला दुसऱ्यापासून सुटं होऊ दिलेलं नाही. भीतीने अर्धमेला झालेला हा माणूस भीतीला कायमची सुट्टी देईल असं वाटलं होतं, पण त्याने तिला फक्त जोडीदार दिला. ज्याच्या पुढ्यात उभं राहताना छातीत काहीच होत नाही, तो देव त्याच्या लेखी देव नसावाच.

१५३० च्या उन्हाळ्यात ल्यूथर कोबुर्गच्या किल्ल्यात अडकून पडला होता. बहिष्कृत असल्यामुळे आउग्सबुर्गच्या संसदेला त्याला जाता येत नव्हतं. ५ जूनला बाप गेल्याची बातमी आली. त्याच्या सोबत्याने लिहिलंय की त्याने स्तोत्रांचं पुस्तक उचललं, खोलीत गेला आणि इतका रडला की दुसऱ्या दिवशी डोकं चालेना. दोन आठवड्यांनी, १९ जूनला, त्याने घरी आपल्या मुलाला पत्र लिहिलं. मुलाचं नाव आजोबांचंच, हान्स. वय नुकतंच चार पूर्ण. मी एक सुंदर बाग बघितली, असं बाप कळवतो. तिथे मुलं झाडाखालची सफरचंदं, नासपती, चेरी गोळा करतात, सोन्याचे लगाम आणि चांदीचं खोगीर घातलेल्या छोट्या घोड्यांवर बसतात. हान्सने प्रार्थना केली, अभ्यास केला, नीट वागला तर त्यालाही येता येईल, मित्रांना आणि लेना मावशीलाही आणता येईल. नाही वागला तर काय, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.