चर्च-संपर्ककार्य

ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या सूचना, बातम्या, उपासनेच्या वेळा आणि शिकवण लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम. एके काळी ते घंटेवर, प्रवचनानंतर वाचल्या जाणाऱ्या सूचनांवर आणि दाराशी डकवलेल्या कागदावर भागत असे. आता त्यात संकेतस्थळ, यूट्यूब, फेसबुक आणि व्हॉट्सॲप आले आहे. चर्चला सांगण्याची सवय शतकांची, लोकांचे लगोलग आलेले उत्तर ऐकण्याची मात्र अगदी अलीकडची. या कामातल्या बऱ्याच फजित्या त्यातूनच झाल्या आहेत.

रोमन कॅथलिक चर्चने नवी साधने हाती घ्यायला सहसा उशीर केला नाही. व्हॅटिकनचे ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ हे वृत्तपत्र 1861 सालचे. व्हॅटिकन रेडिओ खुद्द मार्कोनीने उभारून दिला आणि 12 फेब्रुवारी 1931 रोजी पोप अकरावे पायस त्यावरून लॅटिनमध्ये बोलले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये ‘इंतेर मिरिफिका’ हा समाजसंपर्कविषयक आदेश काढला. त्यातून 1967 पासून दरवर्षीचा जागतिक संपर्कदिन सुरू झाला. 1995 च्या नाताळात व्हॅटिकनचे संकेतस्थळ आले. ते उभारण्यात ज्युडिथ झोबेलाइन या अमेरिकन फ्रान्सिस्कन सिस्टरचा मोठा वाटा होता. सर्व्हरना राफाएल, मिखाएल आणि गाब्रिएल ही देवदूतांची नावे दिली होती. गाब्रिएल बायबलमधला निरोप्या, त्यामुळे निदान त्याला तरी ती नेमणूक शोभली.

दुसऱ्याचे वाचण्यात मात्र रोम मागे राहिले. 2009 च्या जानेवारीत चार बिशपांवरचा धर्मबहिष्कार मागे घेतला गेला. त्यांच्यापैकी रिचर्ड विल्यमसन ज्यूंच्या हत्याकांडातल्या विषारी वायूच्या कोठड्या नाकारणारे निघाले आणि जगभर गदारोळ झाला. इंटरनेटवर आधी पाहिले असते तर हे वेळीच कळले असते, अशी कबुली पोप सोळाव्या बेनेडिक्ट यांनी मार्चमध्ये बिशपांना लिहिलेल्या पत्रात दिली. पोपकडून अशी कबुली विरळाच. 12 डिसेंबर 2012 रोजी याच बेनेडिक्ट यांनी ‘पोंतिफेक्स’ या खात्यावरून पहिले ट्वीट केले. सुरुवातीला भाषा आठ होत्या. लॅटिनची भर पुढच्या महिन्यात पडली.

हे खाते पोपचे असले तरी मंच परक्या कंपनीचा. 13 ऑक्टोबर 2019 रोजी जॉन हेन्री न्यूमन, केरळच्या मरियम थ्रेसिया आणि इतर तिघांना संतपद देण्यात आले. इंग्रजी ट्वीटमध्ये ‘सेंट्स’ या शब्दामागे हॅशटॅग लावला होता. त्या नावाचा अमेरिकेत फुटबॉलचा व्यावसायिक संघ आहे. यंत्राने नव्या संतांच्या शेजारी त्या संघाचे चिन्ह आपोआप चिकटवले. संघाचे चाहते खूश झाले. त्याच्या आदल्या वर्षीचे प्रकरण इतके हसण्यासारखे नव्हते. व्हॅटिकनच्या संपर्कखात्याने प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रात निवृत्त बेनेडिक्ट यांच्या पत्रातील अडचणीच्या ओळी धूसर केल्याचे पत्रकारांनी उघडकीस आणले. खात्याचे प्रमुख दारिओ विगानो यांनी 21 मार्च 2018 रोजी पद सोडले.

धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) पातळीवर हे काम फार साधे, आणि म्हणूनच हेळसांडीला सोपे. नव्याने राहायला आलेला माणूस संकेतस्थळावर आधी मिस्साची, म्हणजे उपासनेची, वेळ शोधतो, मग पत्ता आणि कार्यालयाचा फोन. चर्चचा इतिहास आणि फादरांचे मनोगत त्यानंतर. पुष्कळ ठिकाणी क्रम उलटा असतो. मे महिन्यात पान उघडावे तर नाताळच्या मिस्सांचे वेळापत्रक पुढे येते, कारण पासवर्ड ज्या तरुणाकडे होता तो नोकरीसाठी परगावी गेलेला असतो. मुलांची छायाचित्रे टाकण्याआधी पालकांची संमती हवी. चर्चमध्ये गायला चालणारे गीत प्रसारणात चालेलच असे नाही: स्वामित्वहक्क आडवा आला की यूट्यूब भर मिस्सात आवाज बंद करू शकते.

मराठीत या कामाची परंपरा छापील आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही त्याचे संपादन केले. वसईचे ‘सुवार्ता’ मासिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ चालवले आणि पाणी, जमीन, गुंडगिरी असले विषय त्यात आणले. वसईतल्या ख्रिस्तेतर घरांतही त्यांचे नाव पोहोचले ते त्यामुळे. चर्चच्या आजच्या बहुतेक फेसबुक पानांवर सणांची छायाचित्रे दिसतात. गावच्या पाण्याचा प्रश्न क्वचित.

2020 च्या टाळेबंदीत मिस्सा मोबाइलवर आली. 27 मार्चला पावसात भिजलेल्या, ओस पडलेल्या सेंट पीटर्स चौकात पोप फ्रान्सिस यांनी केलेली प्रार्थना जगभर पाहिली गेली. इकडे तिकाटण्यावर मोबाइल लावून, रिकाम्या बाकांसमोर फादर मिस्सा करीत होते. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनने 2002 च्या ‘चर्च आणि इंटरनेट’ या दस्तऐवजातच सांगून ठेवले होते. चर्चची दारे उघडल्यावरही अंथरुणाला खिळलेल्यांसाठी अनेक ठिकाणी प्रसारण चालू राहिले. कम्युनियनची भाकर मात्र पूर्वीसारखी कोणीतरी डबीत घालून त्यांच्या घरी नेते.