कौलं कोणी बदलायची?

परवा डोंबिवलीच्या आमच्या जुन्या चाळीचा विषय निघाला आणि आठवली ती पावसाळ्यातली बादली. छप्पर गळायचं आणि मालक म्हणायचे, "या भाड्यात कौल तरी येतं का?" तेव्हा फार राग यायचा. आता वाटतं, अगदीच खोटं नव्हतं ते.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर बांधून टाकलं. दुरुस्ती मात्र मालकाकडेच! १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. मालक ढिम्म असेल तर भाडेकरूने १५ दिवसांची नोटीस द्यायची, काम करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून कापायचा. पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. म्हणजे महिना ३० रुपये भाडं असेल तर वर्षाला ९० रुपये. घ्या, करा दुरुस्ती!

मुंबई शहरात १९६९ च्या कायद्याने निदान उपकर घेऊन दुरुस्ती करणारं मंडळ आलं. ठाणे-डोंबिवलीच्या वाट्याला ते नाही. २०१५ च्या पावसाळ्यात ठाकुर्लीची मातृछाया पडली, पाठोपाठ नौपाड्यातली कृष्णा निवास. दोन्हीकडे माणसं गेली.

असो. आमच्याकडे शेवटी आजोबांनीच पदरमोड करून पत्रे घातले. मालकांनी परवानगी दिली नाही, आणि हरकतही घेतली नाही.