बिनपगारी रजा आणि पगारकपात

बिनपगारी रजा : खात्यावरची रजा संपल्यावर घेतलेली, वेतन न मिळणारी रजा. खासगी कचेऱ्यांत तिला ‘एलडब्ल्यूपी’ किंवा ‘एलओपी’ म्हणतात, तर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत ‘असाधारण रजा’. मजुरीच्या आणि घरकामाच्या व्यवहारात यासाठी ‘खाडा’ हा जुना शब्द आहे; स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खाड्याच्या दिवशी फुली मारायची आणि महिनाअखेर फुल्या मोजून पैसे द्यायचे. संगणकावरचा पगारपत्रकाचा हिशेब याहून वेगळा नाही.

गैरहजेरीचा काळ कामाच्या एकूण काळाचा जेवढा हिस्सा असेल, वेतनाचाही फार तर तेवढाच हिस्सा कापता येतो, हे वेतन प्रदान अधिनियम, 1936 च्या कलम 9 मधले तत्त्व. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहिता, 2019 मध्ये ते कलम 20 म्हणून आले आहे. जुन्या कायद्याला दरमहा 24,000 रुपये वेतनाची मर्यादा होती, संहितेला ती नाही. कपात हा दंड नव्हे. गेलेल्या दिवसांचे वेतन देय होत नाही, एवढाच तिचा अर्थ.

वाद होतो तो भागाकारावरून. एका दिवसाचे वेतन काढताना कोणी महिन्याचे प्रत्यक्ष दिवस धरतो, कोणी सरसकट 30, कोणी रविवार वगळून 26. दरमहा 26,000 रुपये पगार असेल, तर 26 ने भागल्यावर दिवस 1,000 रुपयांचा होतो आणि 30 ने भागल्यावर सुमारे 867 चा. दोन्ही पद्धती चालतील, मात्र दिवसही त्याच पद्धतीने मोजायला हवेत. 26 च्या हिशेबात रविवारला वेतनच नसते. तरीही शनिवार-सोमवारच्या रजेत मधला रविवार धरून (यालाच ‘सँडविच’ म्हणतात) काही ठिकाणी तीन दिवसांचे 3,000 रुपये कापले जातात. हे सरळ चूक आहे. याच रीतीने 30 दिवसांचा अख्खा महिना गैरहजर राहिलेल्या माणसाचे 30,000 कापावे लागतील, म्हणजे पगारापेक्षा 4,000 जास्त! सरसकट 30 च्या हिशेबातही एक खोट आहे : 31 दिवसांच्या महिन्यात 30 दिवस रजा घेऊन एक दिवस काम केले, तर हाती शून्य येते.

कपात एकाच रकान्यात दिसत नाही. एकूण वेतन 30,000, त्यात मूळ वेतन 15,000, आणि 30 दिवसांच्या महिन्यात दोन खाडे असे समजा. एकूण वेतन 28,000 होते, मूळ वेतन 14,000. भविष्यनिर्वाह निधीची 12 टक्के कपात 1,800 ऐवजी 1,680 होते. महाराष्ट्रातला व्यवसाय कर मात्र 200 रुपयेच राहतो. तो दिवसांवर नाही, त्या महिन्याच्या वेतनाच्या टप्प्यावर ठरतो. परिणामी हातातली रक्कम 28,000 वरून 26,120 वर येते. घट 1,880 ची, 2,000 ची नव्हे. उरलेले 120 रुपये निधीत कमी पडले आणि मालकाच्या हिश्शातलेही तेवढेच गेले. पतपेढीचा किंवा घरकर्जाचा हप्ता मात्र एका रुपयानेही कमी होत नाही, आणि दोन खाड्यांनी घर कोलमडते ते इथेच.

निधीच्या विवरणपत्रात बिनपगारी दिवस वेगळे नोंदवले जातात आणि निवृत्तिवेतनाच्या सेवाकाळातून वजा होतात. कर्मचारी राज्य विमा योजनेत सहा महिन्यांच्या अंशदान-काळात सर्वसाधारणपणे 78 दिवसांचे अंशदान भरले गेले, तरच आजारपणाचा लाभ मिळतो. लांबलेल्या बिनपगारी रजेत ही अट हुकू शकते, आणि नेमक्या आजारी माणसालाच त्याचा फटका बसतो. प्राप्तिकर न मिळालेल्या वेतनावर लागत नाही.

संहितेनुसार वेतनचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे. तिच्यात भरपगारी दिवस किती धरले, ते आधी पाहावे आणि भागाकार स्वतः करून बघावा. चुकीच्या कपातीविरुद्ध दाव्याची मुदत पूर्वी एक वर्ष होती, संहितेने ती तीन वर्षे केली आहे. तेवढ्या काळाच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात.