फिल्दी

फिल्दी : अतिशय घाणेरडा, किळस यावी इतका अस्वच्छ, या अर्थाचे इंग्रजी विशेषण. चिखलाने माखलेला बूट ‘डर्टी’. तुंबून चार दिवस झालेली मोरी ‘फिल्दी’. मराठीत मळका आणि गलिच्छ यांत जे अंतर आहे, साधारण तेवढेच या दोन शब्दांत आहे.

‘फिल्थ’ या नामापासून हे विशेषण बनले. जुन्या इंग्रजीतले ते नाम ‘फूल’ म्हणजे कुजका, दुर्गंधी या विशेषणाचे भाववाचक रूप होते. ‘वॉर्म’चे ‘वॉर्म्थ’ व्हावे तसे. प्रत्ययात पूर्वी ‘इ’ होती. तिच्या ओढीने आधीचा ‘ऊ’ बदलला. ‘माउस’चे अनेकवचन ‘माइस’ होते ते याच प्रकारच्या स्वरबदलाने. मूळ ‘फूल’ मात्र आज ‘फाउल’ झाले आहे. कॅरममध्ये स्ट्रायकर भोकात गेला की पोरे ओरडतात तोच हा शब्द. कुजकेपणावरून तो ओंगळपणाकडे आणि तिथून नियमभंगाकडे आला.

मराठी वाचकाला खरी गंमत याच्याही मागे सापडेल. मूळ ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ होतो : पितृ–फादर, पाद–फुट. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा नियम मांडला. त्याच न्यायाने ‘फाउल’ला संस्कृतातले पूति (दुर्गंधी) आणि पूय हे सगोत्र ठरतात. पूय म्हणजेच गळवातून येतो तो आपला ‘पू’. लॅटिनमार्गे इंग्रजीत आलेला ‘पस’ आणि ग्रीकमधून आलेला ‘पायोरिया’ हीही याच घरची मंडळी. पावन, पवित्र यांतला ‘पू’ धातू मात्र निराळा. उच्चाराच्या साम्यावरून त्याला या कुळात ओढू नये.

म्हणजे ‘फिल्दी’ची सुरुवात डोळ्याला दिसणाऱ्या मळापासून नव्हे, नाकाला जाणवणाऱ्या कुजटपणापासून झाली. मराठी ‘घाण’ही नाकाच्याच वाटेने आली आहे. संस्कृतात घ्राण म्हणजे वास किंवा नाक. मराठीत तो वास वाईटच उरला. आजही ‘घाण येते’ म्हटले की वास समजायचा आणि ‘घाण पडली आहे’ म्हटले की कचरा.

विल्यम टिंडलने १५२६ च्या नव्या कराराच्या भाषांतरात गैरमार्गाच्या कमाईला ‘फिल्दी लुकर’ म्हटले. पुढे ते विनोदाने कोणत्याही पैशाला लागू लागले. ‘फिल्दी रिच’ म्हणजे गडगंज. त्यात हेवा अधिक की तिरस्कार, हे बोलणाऱ्याच्या सुरावर ठरते. ब्रिटनमध्ये वादळी पावसाळी हवाही ‘फिल्दी’ असते. अमेरिकी बेसबॉलमध्ये तर फलंदाजाला चकवणाऱ्या अफलातून चेंडूला कौतुकाने हेच विशेषण लावतात.