मतदार यादीतले नाव

दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातले गाव. जिजाऊंचा जन्म याच तालुक्यातला. मतदार यादीच्या कामाला आम्ही शिक्षक घरोघर फिरतो, तेव्हा पडद्याआडून अजूनही उत्तर येते, "लिखो, सलीम की अम्मा." खरे नाव विचारले की आत हसू पिकते.

या हसण्यामागे इतिहास आहे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे आठ कोटी स्त्रिया मतदानास पात्र होत्या. त्यांपैकी जवळजवळ 28 लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या नोंदी यादीतून वगळल्या. संविधानाने दिलेला हक्क नावावाचून गेला. हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नव्हता.

आमच्या स्त्रियांना राजकारण परके, ही समजूतही खरी नाही. 1917 साली मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांच्याकडे स्त्रियांसाठी मताधिकार मागायला सरोजिनी नायडूंचे शिष्टमंडळ गेले, त्यात बेगम हसरत मोहानी होत्या. त्यांचे स्वतःचे नाव निशातुन्निसा. पतीच्या गझला आम्ही वर्गात शिकवतो. हे नाव मात्र आम्हालाही फार उशिरा कळले. घटना समितीत बेगम कुदसिया एजाज रसूल या एकमेव मुस्लिम स्त्री सदस्य होत्या. 1980 मध्ये नजमा हेपतुल्ला महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेल्या.

1993 मध्ये 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. तरी कितीतरी गावांत फलकावर नाव तिचे आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात, हे आपण पाहतोच. 'सरपंचपती' हा शब्द कायद्यात नाही, आपल्या बोलण्यात आहे. यादीत नाव आले म्हणजे काम संपले असे नाही. ते नाव हाकेत, सभेत, सहीत यायला हवे.

2024 साली राज्य शासनाने मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिण्याचा निर्णय घेतला. आम्ही वर्गात मुलांना आईचे पूर्ण नाव लिहायला सांगितले. काहींना घरी जाऊन विचारावे लागले. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या, त्यांत सगळी नावे होती. पुढच्या वेळी आम्ही त्याच दारांवर जाऊ, तेव्हा निदान घरातल्या लेकरांना तरी ते नाव ठाऊक असेल.