एका सामन्याचा खेळाडू, दोन स्पर्धांचा प्रशिक्षक

स्लोव्हेनियाचा राष्ट्रीय फुटबॉल संघ 2024 पर्यंत चार मोठ्या स्पर्धांना पात्र ठरला. युरो 2000 आणि 2002 च्या विश्वचषकाला संघाला नेले ते श्रेच्को कातानेत्स यांनी. इटलीत साम्पदोरियाकडून गाजलेला, 1990 चा विश्वचषक युगोस्लाव्हियाच्या संघातून खेळलेला हा नामवंत खेळाडू. उरलेल्या दोन स्पर्धा, 2010 चा विश्वचषक आणि युरो 2024, मात्याज केक यांच्या नावावर आहेत. देशासाठी ते केवळ एकच सामना खेळले आहेत.

केक यांचा जन्म 1961 साली मारिबोरचा. बचावपटू म्हणून त्यांनी तेथील क्लबमध्ये सुरुवात केली आणि मग ऑस्ट्रियाची वाट धरली. श्पिटाल आणि ग्राझर एके या क्लबांतून ते वर्षानुवर्षे खेळले, पण युगोस्लाव्हियाच्या निवड समितीची नजर त्यांच्यावर कधी पडली नाही. स्लोव्हेनिया 1991 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्यांची तिशी आली होती. 1992 मध्ये मिळालेला तो एकमेव सामना! पुढे ते मारिबोरला परतले, विजेत्या संघातून खेळले आणि तेथेच प्रशिक्षणाकडे वळले. मारिबोरला विजेतेपदे मिळवून दिल्यानंतर त्यांनी देशाच्या कुमार संघांचे काम पाहिले. जानेवारी 2007 मध्ये वरिष्ठ संघ त्यांच्या हाती आला, तेव्हा या नावाने कोणी फारसे हरखले नव्हते.

2010 च्या पात्रता फेरीत चेक प्रजासत्ताक आणि पोलंड यांना मागे टाकून स्लोव्हेनियाने गटात दुसरे स्थान मिळवले. प्लेऑफमध्ये गाठ पडली गुस हिडिंक यांच्या रशियाशी. मॉस्कोत संघ 2-0 असा पिछाडीवर असताना 88 व्या मिनिटाला नेइत्स पेच्निकने गोल केला. परक्या मैदानावरचा हाच गोल निर्णायक ठरला. 18 नोव्हेंबर 2009 रोजी मारिबोरमध्ये स्लात्को डेडिचच्या एकमेव गोलने रशियाचे आव्हान संपले. पात्र ठरल्यास खेळाडूंचे बूट पुसेन, असे पंतप्रधान बोरूत पाहोर बोलून गेले होते. ड्रेसिंग रूममध्ये जाऊन त्यांनी शब्द पाळला.

दक्षिण आफ्रिकेत रॉबर्ट कोरेनच्या गोलने अल्जिरियाला हरवून स्लोव्हेनियाने विश्वचषकातला आपला पहिला विजय नोंदवला. अमेरिकेविरुद्ध मध्यंतराला 2-0 अशी आघाडी होती. सामना 2-2 असा सुटला. इंग्लंडकडून एका गोलने हार पत्करूनही बाद फेरी हाताशी होती, कारण दुसरीकडे अमेरिका आणि अल्जिरिया बरोबरीत होते. भरपाई वेळेत लँडन डोनोव्हनने गोल केला आणि 21 लाखांच्या आत-बाहेर लोकसंख्येच्या या देशाचे स्वप्न तेथेच विरले.

2011 मध्ये केक पदावरून गेले. त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची कामगिरी मात्र, आमच्या मते, राष्ट्रीय संघाबरोबरची नव्हेच. 2013 मध्ये ते क्रोएशियातील रियेका क्लबकडे आले. तेथील लीग डिनामो झाग्रेबने सलग 11 वर्षे जिंकली होती. ती मालिका केक यांच्या संघाने 2017 मध्ये मोडली. क्लबच्या इतिहासातले हे पहिलेच लीग विजेतेपद, आणि त्याच मोसमात क्रोएशियन चषकही! चांगले खेळाडू मोठे क्लब विकत घेत असताना बंदराच्या या शहरात त्यांनी पाचाहून अधिक वर्षे संघ पुन्हा पुन्हा बांधला.

2018 मध्ये त्यांना पुन्हा मायदेशाचे बोलावणे आले. युरो 2024 मध्ये डेन्मार्क, सर्बिया आणि इंग्लंड या तिघांशी बरोबरी साधून स्लोव्हेनियाने प्रथमच बाद फेरी गाठली. एकही विजय नाही, म्हणून काहींनी नाके मुरडली. पण शिस्तबद्ध बचावाखेरीज या संघापुढे दुसरा मार्ग कोणता होता? 1 जुलै रोजी फ्रँकफर्टला पोर्तुगालविरुद्ध यान ओब्लाकने जादा वेळेत ख्रिस्तियानो रोनाल्डोची पेनल्टी अडवली. पुढे बेंजामिन शेश्को एकटाच गोलरक्षकासमोर पोहोचला, पण दियोगो कोस्टाने तो फटका पायाने रोखला. शूटआउटमध्येही कोस्टाने स्लोव्हेनियाच्या तिन्ही पेनल्टी अडवल्या. 2026 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्वित्झर्लंड, कोसोवो आणि स्वीडन यांच्या गटातून मात्र संघाला पुढे जाता आले नाही.